पूल ओलांडायचा नाही

ज्यांच्या घरात कुणाच्या छातीच्या फोटोत नुकताच डाग निघाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांचं मला विचारू नका. ते डॉक्टर सांगतील, आणि आता औषधं चांगली निघाली आहेत, माणसं उठून घरी येतात. मी घरी आल्यानंतरचं सांगणार आहे, आणि घरी येऊ दिलं नाही त्याचं सांगणार आहे. गोड लिहिता येत नाही मला. आमचे हे म्हणतात, तुझ्या फुफ्फुसाऐवजी जिभेला क्षय झाला असता तर बरं झालं असतं. थट्टेत म्हणतात. बहुधा.

फोटो

ह्यांची मद्रासला रेल्वेच्या कचेरीत बदली होऊन तीन वर्षं झाली होती. सैदापेटला दोन खोल्या आणि ओटा असं घर, मागच्या गल्लीतून पाच मिनिटांवर अड्यार नदी. घरात आम्ही दोघं, सासूबाई, माझी धाकटी नणंद कुसुम, आणि आमची विजू. ती तेव्हा दोन वर्षांची होती.

दिवाळीपासून खोकला होता. सासूबाई म्हणायच्या, समुद्राची दमट हवा बाधली, काढा घे. काढा घेतला. संध्याकाळी अंग तापायचं, चोळ्या ढगळ व्हायला लागल्या, तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण पोळ्या वेळेवर होत होत्या. मग एका सकाळी चूळ भरताना मोरीत लाल धागा पडला. तेव्हा हे घाबरले.

डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला आणि ह्यांच्याशी इंग्रजीत बोलले. छाती माझी, पण माझ्याकडे कुणी बघेना. मी ह्यांच्याकडे बघत होते. ऐकता ऐकता ह्यांनी आपली खुर्ची सरकवली. फार नाही, चार बोटं. सात वर्षांच्या संसारात त्या माणसाने कधी एक रिक्षा केली नव्हती, चालत नेलं मला सगळीकडे. त्या दिवशी दोन केल्या. एक माझ्यासाठी आणि एक त्यांच्यासाठी.

घरी विजू धावत आली तर सासूबाईंनी तिला वरच्यावर उचललं. "आईला शिवायचं नाही."

पोरीला ते नवं नव्हतं. महिन्यातून तीन दिवस मी बाजूला बसायचे, तेव्हा आईला कावळा शिवलाय, जवळ जायचं नाही, चौथ्या दिवशी आई न्हाली की मग जायचं, हे तिला पाठ होतं. ती उंबऱ्याच्या पलीकडे बाहुली घेऊन बसली. तीन दिवस शहाण्यासारखी बसली. चौथ्या दिवशी सकाळी उठून विचारते, "आई, न्हालीस?"

त्याच दिवशी मला तांबरमच्या बाजूला सॅनेटोरियममध्ये नेऊन टाकलं.

खाट

सहा महिने मी एका लांब व्हरांड्यात पडून होते. सहाला तापमापी, सातला सुई, मग मोठाल्या गोळ्या, त्यांनी दिवसभर पोटात ढवळायचं. झाकणाचा डबा उशाशी, त्यात थुंकायचं. शुक्रवारी वजन. ज्याचं वाढलं तो आठवडाभर मिजाशीत, ज्याचं घटलं त्याच्याशी कुणी डोळा भिडवायचं नाही. दुधात कच्चं अंडं फेटून द्यायचे. मी देशस्थाची मुलगी, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी. पहिल्या दिवशी ओकले. दुसऱ्या दिवशी नाक दाबून प्यायले. आठवड्याने वाट बघायला लागले. घरी कळवलं नाही.

शेजारच्या खाटेवर एक तमिळ शाळामास्तरीण होती. तिला शिकवल्यावाचून चैन पडायचं नाही, म्हणून तिने मला तमिळ शिकवलं. चुकलं की पट्टीने खाटेच्या दांडीवर टपकन मारायची. सहा महिन्यांत मी अशी बोलायला लागले की नवी दाई मला विचारायची, तुमचं गाव कुठलं, मदुरा का? त्या मास्तरणीचं वजन चार शुक्रवार उतरत गेलं. गेली त्या सकाळी तिचं अंडं शिल्लक राहिलं होतं. दाईने ते मला दिलं. आणि मी खाल्लं. रडत रडत खाल्लं असं लिहिता आलं असतं, पण रडले नाही. भूक लागली होती.

हे शनिवारी यायचे आणि खांबाशी उभे राहायचे, नाकाला रुमाल. एकदा म्हणाले, "आईने तुझी ट्रंक जाळली." मी विचारलं, लग्नातला शालूपण? "सगळंच गं. जंतू काय शालू बघून सोडतात?"

विजूबद्दल विचारलं की म्हणायचे, मजेत आहे. हे ऐकून बरं वाटायला हवं ना? मला मेलीला वाटायचं नाही.

सुटका

अखेर डॉक्टर म्हणाले, थुंकी स्वच्छ आहे, सलग तीन महिने. गोळ्या वर्षभर चालू ठेवायच्या. "मुलीला जवळ घ्या. काही भीती नाही." हे त्यांनी तमिळमध्ये, मला सांगितलं, ह्यांना नाही. आणि म्हणाले, नदीजवळ राहता ना? मग काठाकाठाने सपाटीवर चाला. आधी दहा मिनिटं, मग पंधरा. बोलत बोलत चालता आलं पाहिजे. धाप लागली की बसायचं, कोण बघतंय याचा विचार करायचा नाही.

मी फाटकाशी आले तेव्हा मनाने घरी पोचले होते. ह्यांनी फाटकाशीच सांगितलं.

"घरी नाही जायचं आपल्याला. आत्ताच नाही."

कुसुमचं लग्न जमत होतं. मुलगा मूळ पुण्याचा, इथे सरकारी कारखान्यात. मद्रासेत मराठी स्थळ सापडायला तीन वर्षं गेली होती. घरात क्षय आहे हे कळलं की ती माणसं ओटा उतरून गेलीच म्हणून समजा, आणि मग कुसुम जन्माची घरात. म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं की मी कराडला माहेरी गेलेय, माझी आई आजारी आहे. माझी आई तेव्हा ठणठणीत होती.

"पलीकडच्या काठाला खोली बघितलीय. लग्न झालं की ये. विजू कुठे पळून जातेय? तुझीच आहे."

"हे कोण म्हणतंय? तुम्ही का सासूबाई?"

"आईने एवढंच सांगितलंय, पूल ओलांडायचा नाही. लग्न लागलं की तिला मी स्वतः तुझ्या मांडीवर ठेवते म्हणाली. देवापुढे म्हणाली."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? पोर त्यांच्याकडे होती.

अक्का

खोली एका तंजावरकर बाईंची होती. एकट्या, साठीच्या. लोक त्यांना अक्का म्हणत. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं आणि चाल तमिळ, पहिले दोन दिवस मला हसू आवरेना. मी आजार लपवला नाही. म्हटलं, माझं भांडं वेगळं ठेवा.

"मज काय व्हायचं आहे आता?" त्या म्हणाल्या. "माझे यजमान याच रोगाने गेले. मी त्यांच्याच ताटात जेवले, तरी मेले नाही. अय्यो, बैस गं बाळे, काफी निवते."

आणि स्वतःच्या पेल्यातली अर्धी कॉफी माझ्या पेल्यात ओतली. सहा महिन्यांत माझ्या उष्ट्याला न भिणारं हे पहिलं माणूस. मी त्या पेल्याकडे बघत बसले तर ओरडल्या, "पी, सरी? कळलं? बघतेस काय!"

चालणं

आता चालण्याचं सांगते, कारण पुष्कळ जण विचारतात. सोपं असतं हो ते. नदीचा दक्षिण काठ सपाट, तांबड्या मातीची पायवाट, एका बाजूला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या बाजूला उतार आणि पाणी. पाणी म्हणजे उन्हाळ्यात दोन पोहऱ्यांइतकं, बाकी वाळू. वाळूवर धोब्यांनी सैदापेटची अंथरुणं वाळत घातलेली. पहिल्या आठवड्यात मी पहिल्या ताडापर्यंत जाऊन बसायचे. मग धोबीघाटापर्यंत. मग रेल्वेच्या पुलाची सावली पडते तिथवर. गाडी वरून गेली की जमीन हलायची आणि मी मनात म्हणायचे, यात हे असतील, कचेरीला निघाले असतील.

मोटारीचा पूल त्याच्या पुढे. तिथे पोचले की थांबायचं. पुलावरून माणसं जायची, म्हशी जायच्या, कोंबड्यांच्या पाट्या जायच्या. मी सोडून सगळ्यांना तो ओलांडायला मुभा होती.

ह्यांना काय वाटलं कोण जाणे, एका रविवारी संध्याकाळी, आधी निरोप धाडून, ते विजूला घेऊन पलीकडच्या काठावर आले. वाळूत उभं केलं तिला. केवढीशी दिसत होती! पांढरा झगा तेवढा कळत होता. ह्यांनी बोट दाखवलं, तशी तिने दोन्ही हात वर केले. वाऱ्यावर आलं, "आऽऽई!" मी पदर काढून हलवला. मग दर रविवारी यायची. हात हलवायची, नाचून दाखवायची. मी आठवडाभर त्या दहा मिनिटांवर जगायचे. त्यासाठी मी ह्यांना पुष्कळ माफ केलं होतं, खरं सांगते.

गुरुवार

मी एरवी सकाळीच चालायचे; संध्याकाळीही चालायला लागून चारच दिवस झाले होते. ह्यांना सांगितलं नव्हतं. रविवारी एकदम सांगायचं होतं की बघा, दोन्ही वेळा चालते. आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं की गुरुवारी मुलाकडचे येणार आहेत.

मुलगा जरा सुधारक. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाला, घरात बसून काय बोलणार, नदीवर फिरून येऊ. घराकडच्या काठावर म्हशी आणि ओले कपडे, म्हणून मंडळी पूल ओलांडून सपाटीच्या वाटेला आली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की समोरून पोपटी पातळ येतंय आणि ते कुसुमचं आहे.

परत फिरले असते तर त्यांनी गाठलंच असतं, मला पळता थोडंच येत होतं. मी कडेला सरले, डोक्यावरून पदर घेतला, पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. कुसुम आणि मुलगा गेले. मुलाची आई आणि सासूबाई मागे. त्यांच्यामागे हे, आणि ह्यांचं बोट धरून विजू.

"आई!"

माझ्या गुडघ्यांना मिठी बसली. एवढ्याशा हातांनी निऱ्या अशा आवळल्या की मला हलता येईना. सगळे थांबले. मी सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं डोळे वटारतील. त्यांनी पदराखाली दोन्ही हात जोडले होते. ती बाई माझ्यापुढे कधी वाकली नव्हती, आणि आता हात जोडून उभी. ह्यांचा चेहरा मेलेला. कुसुम मागे वळून माझ्याकडे बघत होती. आणि मला ती देवापुढची शपथ आठवली. लग्न लागलं की विजू मांडीवर. मोडलं तर?

"यारु पाप्पा नी?" मी म्हणाले. कोण गं बाळ तू?

विजू खुदकन हसली. तिला वाटलं आई गंमत करतेय. "आई, मी विजू!" आणि आणखी घट्ट धरलं.

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिने परत धरलं. मग मी तळहात तिच्या छातीवर ठेवला आणि ढकललं. "पो!" म्हणाले, जा, कुत्र्याला म्हणतात तसं. ती मातीत बुडावर बसली. आठ महिन्यांनी माझ्या लेकीला माझा हात लागला, तो असा.

ती रडली नाही. नुसती बघत राहिली.

"अगंबाई, आईची आठवण आली वाटतं पोरीला," मुलाची आई म्हणाली. "सूनबाई कधी येणार कराडहून?"

"येईल आता," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी विजूला उचललं, झगा झटकला आणि माझ्याकडे न बघता तमिळमध्ये म्हणाले, माफ करा हं अम्मा. परक्या बाईला म्हणतात तसं. मंडळी पुढे गेली. मला धाप लागली होती, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी खाली बसले.

सासूबाईंना शिव्या घालणं सोपं आहे. मी खूप घातल्या, अक्कांनी ऐकल्या. पण ढकललं मी.

रविवारी विजू वाळूत आली आणि नेहमीपेक्षा जास्त नाचली. "आऽऽई!" मी म्हटलं, सुटले, विसरली पोर.

मांडी

लग्न जमलं, लागलंही. मला अर्थात बोलावणं नव्हतं, मी कराडला होते ना! तिसऱ्या दिवशी हे माझं बोचकं न्यायला आले. मी पूल ओलांडला. भर दुपारी, डांबर वितळत होतं, तरी मला पाय कुठे भाजतायत!

दारात विजू उभी होती. सासूबाईंनी शब्द पाळला, पोरीला उचलून खरोखर माझ्या मांडीवर ठेवलं. ती ताठ झाली. माझ्याकडे वर बघून तमिळमध्ये विचारते, "नी यारु?" तू कोण? घरात कुणाशी ती तमिळ बोलत नसे.

"अगं, आई ती," हे म्हणाले.

"नाही. आई पलीकडे आहे."

आणि रविवारी झगा घालून तयार. हे तिला घेऊन नदीवर गेले, मीही गेले. तिने रिकाम्या काठाकडे बघून हात वर केले. हाका मारल्या. मी शेजारी उभी होते हो, हातभर अंतरावर! अंधार पडायच्या आत तिने रडून असा आकांत मांडला की तिला ताप भरला. पुढच्या रविवारी हे खाली मान घालून म्हणाले, "एवढ्यापुरतं जातेस का पलीकडे? पोर शांत होईल."

मी गेले. पूल ओलांडून पलीकडे उभी राहिले आणि पदर हलवला. पोर आनंदाने नाचली. मग मी लांबच्या वाटेने घरी आले, तिच्या ताटात भात कालवला, तर ती तमिळमध्ये म्हणाली, तू नको, आजी. असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा मी गेले नाही. त्या दिवशी तिची आई मेली, असंच म्हणायचं.

हळूहळू तिने मला आई म्हणायला सुरुवात केली, सगळे सांगत होते म्हणून. हाक मराठीत, बाकी सगळं तमिळमध्ये. लोक म्हणतात, मद्रासेतली मुलं अशीच. आजीशी मात्र ती खणखणीत मराठीत भांडते.

मंगळागौर

श्रावणात कुसुमच्या मंगळागौरीला आम्ही तिच्या घरी गेलो. मी पुरण वाटत होते. तिच्या सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं.

"एक बोलू का? मला तेव्हाच कळलं होतं, बरं का. नदीवर."

माझा हात थांबला.

"गळ्यात काळी पोत आणि तोंडात तमिळ! इथल्या बायका कुठे घालतात काळे मणी? आणि पोरीने हाक मारली तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. आई आहे मीही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माझा थोरला दीड वर्ष सॅनेटोरियममध्ये होता. आम्ही तरी कुठे सांगितलं होतं तुम्हाला? म्हटलं, बरं झालं, फिट्टंफाट." त्यांनी पुरण चाखून बघितलं. "वेलदोडा कमी पडलाय. पण काही म्हणा, एवढ्या जोरात ढकलायला नको होतं हो तुम्ही पोरीला."

मी पुरण वाटत राहिले. दुसरी कुणी असती तर वरवंटा उचलला असता, असं आजही मनात येतं. पण मग वाटतं, तिचं काय चुकलं? खरं तेच बोलली, फक्त उशिरा.

म्हणून तुम्हाला सांगते. घरात आजार निघाला तर ओट्यावर उभं राहून गावाला सांगा. मोडायची ती लग्नं मोडू देत. दुसरी जमतात.

अजून चालते

गोळ्या कधीच बंद झाल्या. दरवर्षी फोटो काढतात, स्वच्छ येतो. चालणं मी सोडलेलं नाही. विजू आता सात वर्षांची आहे, तीही येते बरोबर. दक्षिण काठाच्या त्याच वाटेने जातो, सावली बरी असते तिकडे. शाळेतलं सांगते, तमिळमध्ये, भराभरा. हात धरते माझा. मीच धरते आधी, मग तीही धरते.

पण समोरून माणसं येताना दिसली, ओळखीची असोत की परकी, की ती आपणहून हात सोडवून घेते. वाटेच्या कडेला जाऊन पाण्याकडे तोंड करून उभी राहते. माणसं पुढे गेली की परत येते.

परवा मी म्हटलं, "विजू, अगं कशाला सोडतेस हात? आता कुणी काही म्हणत नाही आपल्याला."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, समजूत घालावी तसं. आणि मी घरी परत आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"असू दे गं. तू ढकलायच्या आधी मीच सोडते."